धुराचा घाट

कोपऱ्यावरून वळताना आप्पा तोंडाने हॉर्न वाजवत असत. पन्हाळ्यावरच्या आमच्या गल्लीत दोन घरांच्या मधून एक अरुंद बोळ जातो आणि एकदम काटकोनात नळाकडे वळतो. त्या वळणावर समोरून येणारा माणूस दिसत नाही. माझी तिथल्या तालुका कचेरीत बदली झाली, तेव्हा पहिल्याच सकाळी मी बादली घेऊन त्या बोळातून निघालो होतो. पलीकडून ‘पॉंऽ पॉंऽ’ असा भरदार आवाज आला. एवढ्याशा बोळात मोटार कशी शिरली या विचाराने मी भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. वळणावरून मोटार आली नाही. दोन्ही हातांत भरलेल्या घागरी घेतलेला, खांद्यावर पंचा टाकलेला एक उंच, रुंद छातीचा म्हातारा आला.

“पावणं, साइड दिलीसा, बरं वाटलं. नवीन आलासा व्हय?”

“माफ करा, मी मधेच उभा होतो,” मी म्हणालो.

“मदी कुटं? तुमी तर भित्तीत शिरलासा की.”

आप्पांनी उभी हयात घाटातून प्रवासी बस चालवली होती. निवृत्तीनंतर पन्हाळ्यावर दोन खोल्यांचे घर बांधून ते आणि त्यांची बायको, आमच्या काकी, राहत होते. माझी भाड्याची खोली त्यांच्या भिंतीला लागून होती. माझे कुटुंब कोल्हापुरात असल्यामुळे आठवड्यातले पाच दिवस मी एकटा असे, आणि त्या पाचांपैकी निदान चार संध्याकाळी आप्पांच्या ओसरीवर जात. मी एकदा त्यांना विचारले, आता हातात स्टिअरिंग नाही, पाठीमागे प्रवासी नाहीत, मग हा हॉर्न कशासाठी. त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले, की जणू मी श्वास कशासाठी घेता असे विचारले होते.

“भाऊसाहेब, हॉर्न आपल्यासाठी नसतोय. पलीकडं कोन हाय ते आपल्याला दिसत न्हाय, त्येच्यासाठी असतोय. वळणावर गप ऱ्हाणारा मानूस सभ्य न्हवं, धोक्याचा.”

हे वाक्य त्यांनी माझ्यासाठी म्हटले नव्हते, पण ते मला लागले. मी हळू बोलणारा माणूस आहे. कचेरीत माझ्यासमोर बसलेल्यांना टेबलावर ओणवे व्हावे लागते. दिवसभरात आपण कोणाला काय बोललो, कोणाचे मन दुखावले का, याची उजळणी केल्याशिवाय मला झोप येत नाही, आणि उजळणीत काही सापडले नाही तर माझा शोध अपुरा पडला असे वाटते. आप्पांनी हे आठवडाभरातच ओळखले. “भाऊसाहेब, तुमी चप्पल काढताना चपलंचीबी माफी मागतासा,” असे ते येईल-जाईल त्याला सांगत, आणि ते ऐकून मी खरोखरच “माफ करा” म्हणे, की ओसरीवर हशा पिके.

त्यांचे स्वतःचे चुकांशी असलेले नाते मला थक्क करणारे होते. लोक आपल्या बक्षिसांच्या गोष्टी सांगतात तशा ते आपल्या चुकांच्या गोष्टी सांगत. एकदा दाट धुक्यात त्यांनी फाट्यावर डावीकडे जायचे ते उजवीकडे बस घातली आणि भरल्या गाडीनिशी एका अनोळखी गावात जाऊन थांबले. तिथे कोणाच्या तरी घरी बारसे होते. बसभर पाहुणे आलेले पाहून यजमानांनी पंगत वाढवली. “रस्ता चुकला, पर जेवान चुकलं न्हाय,” असे म्हणून आप्पा मांडीवर थाप मारत, आणि त्या बाळाचे नाव काय ठेवले तेही सांगत.

काकी ठेंगण्या, गोऱ्या आणि अखंड बोलणाऱ्या. त्यांना दम्याचा त्रास होता. पन्हाळ्याच्या पावसाळ्यात भिंतींना घाम सुटतो, मिठाचे पाणी होते, काड्यापेटीची काडी ओढली तर नुसता गुल सुटून येतो. लोक निखाऱ्यांवर बांबूचे डालगे पालथे घालून त्यावर कपडे वाळवतात, तरी अंगावर चढवलेला सदरा ओलसरच लागतो. अशा हवेत काकींची छाती शिट्टीसारखी वाजू लागे. म्हणून दर वर्षी मृग लागला की त्या मुलीकडे गडमुडशिंगीला जात आणि दसऱ्याला परतत. त्यांना गाडीत बसवून आल्यावर आप्पा जाहीर करत, “चला, चार म्हयनं रेडिओ बंद.” दुसऱ्या दिवशी मी चहाला गेलो, की ते कप भरत. एक मला देत, एक स्वतः घेत, आणि मग गॅसपाशी भरून ठेवलेल्या तिसऱ्या कपाकडे बघून म्हणत, “हात चुकला.” हात रोज चुकत असे. तो तिसरा कपही तेच पीत. ही एकच चूक अशी होती, की तिची गोष्ट ते कोणाला सांगत नसत.

एका वर्षी वैशाखात ते छपराचा पत्रा आणायला कोल्हापूरला गेले आणि टेंपोतून एक लोखंडी शेगडी घेऊन आले. भंगाराच्या बाजारात त्यांना ती दिसली होती. कुठल्या तरी थंड हवेच्या ठिकाणचा जुना बंगला पाडला, त्यातला हा ऐवज. छोट्या कपाटाएवढी, चार पायांची, काळी. पुढे काचेचे दार, माथ्यावर मागच्या बाजूला धुराड्याचे भोक. आत लाकडे पेटवायची, दार लावायचे, धूर पाइपाने बाहेर आणि ऊब घरात, असा तिचा हिशेब. टेंपोतून उतरवायला गल्लीतली चार माणसे लागली. पत्रा आणायचा राहिलाच.

“भाऊसाहेब, ही गाडी चालू झाली की भित्ती सुकल्या,” आप्पा म्हणाले. “भित्ती सुकल्या की आमची मालकीण पावसाळ्यात हितंच ऱ्हातीया. मग बगा.”

काकी दारात उभ्या होत्या. “लोखंडाच्या कपाटात लाकडं जाळनार, आनि धूर कुनाच्या छातीत जानार? मी मृगाला जातो. बेंदराला सनाला येतो. त्या दिवशी ह्या घरात धूर न्हाय दिसला तर ऱ्हातो. दिसला तर पिशवी सोडायची न्हाय, तशीच उचलायची नि परतीची गाडी धरायची.”

“ठरलं की,” आप्पा म्हणाले. बेंदूर, म्हणजे आमच्याकडचा बैलांचा सण, आषाढात येतो. तेवढीच मुदत होती.

काकी गेल्या आणि आप्पांनी शेगडी साफ करायला घेतली. मी बॅटरी धरून बसलो होतो. शेगडीच्या आत, वरच्या अंगाला, दोन करड्या, मऊसर पाट्या आडव्या बसवलेल्या होत्या. एकीचा निम्मा भाग तुटून खाली लोंबत होता.

“हितं पुठ्ठं कोंबल्यात बगा,” आप्पा आत डोके घालून म्हणाले. “नव्या फ्रिजमदी थर्माकोल असतंय न्हवं, तसं. मालकानं इतकी वर्सं काडलंच न्हाय. कसली मानसं असत्यात.”

मला बॅटरीच्या उजेडात दिसले, की त्या पाट्या ठेवण्यासाठी दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे मुद्दाम ओतलेले आहेत. कोंबलेल्या वस्तूसाठी कोणी कठडे करत नाही. मी म्हणालो, “आप्पा, हे उगाच ठेवलेलं दिसत नाही.” त्याच वेळी ते पाटीखाली पहार घालून हातोडा मारत होते, आणि ओसरीवर रेडिओ लागला होता. मी पुन्हा म्हणालो नाही. पाट्यांचा भुगा जास्वंदीच्या मुळाशी गेला.

पहिला जाळ केला त्या दिवशी पावसाची झड लागली होती. पाइप भिंतीतल्या झरोक्यातून बाहेर काढला होता. काडी लागली आणि शेगडी अशी घोंघावू लागली, की आप्पांचा चेहरा उजळला. “आवाज ऐका, आवाज ऐका,” ते म्हणत राहिले. टोपलीभर लाकूड बघता बघता संपले. दुसरी टोपली आणली. तीही गेली. बाहेरचा पाइप इतका तापला, की त्यावर पडणारे थेंब तव्यावर पाणी शिंपडावे तसे तडतडत होते, आणि आत आम्ही दोघे शाली पांघरून एकमेकांकडे बघत होतो.

“इंजिन वरडतंय, पर चाक हालंना,” आप्पा अखेर म्हणाले. “गाडी न्यूट्रलला पळतीया, भाऊसाहेब.”

तेव्हा मी त्यांना कठड्यांविषयी सांगितले. त्यांवर जे ठेवले होते ते पुठ्ठे नसावेत, असेही म्हणालो.

“मग तवाच सांगायचं न्हाय व्हय?”

“सांगितलं होतं.”

“कवा?”

“तुम्ही ते काढत होता तेव्हा. जरा हळू सांगितलं असेल.”

आप्पांनी शाल सावरली. “हळू सांगितल्यालं सांगितल्यात धरत न्हाईत, भाऊसाहेब.”

मी माफी मागू लागलो, तर त्यांनी हात वर केला. “ते न्हाय. पुठ्ठं मी फेकलं. चूक माजी हाय. एवडी झ्याक चूक मी तुमास्नी द्यायचो न्हाय.”

आम्ही छत्री घेऊन जास्वंदीपाशी गेलो. बहुतेक भुग्याचा चिखल झाला होता. एक तळहाताएवढा तुकडा मिळाला. आप्पांनी तो चिमट्यात धरून जाळात घातला. तुकडा वाळला, लाल झाला, बाहेर काढल्यावर पुन्हा करडा झाला. जळाला मात्र नाही. आप्पा त्याच्याकडे आदराने बघत राहिले. मग शेगडीसमोर मांडी घालून बसले आणि दार उघडे ठेवून वर जाणाऱ्या जाळाचे निरीक्षण करू लागले. बऱ्याच वेळाने त्यांनी मांडीवर थाप मारली.

“हितं घाटच न्हाय ओ. बगा, जाळ हितनं उटतोय नि सरळ भोकातनं भाईर. समदी ऊब घिऊन. डोंगराला सरळ रस्ता केला तर गाडी टिकंल काय? वळसा लागतोय. ती पाटी म्हंजी वळण हुतं. धूर आदी दाराकडं पुडं यायचा, पाटीला वळसा घालायचा, मग वरनं मागं जायाचा. तेवड्या वेळात गरमी घरात उतरती. मी घाटच खनून टाकला.” असे म्हणून ते मोकळेपणाने हसले. घाट खणून टाकणारा घाटातला ड्रायव्हर ही गोष्ट त्यांनी त्या आठवड्यात गल्लीतल्या प्रत्येक घरी जाऊन सांगितली.

पहिला घाट पत्र्याचा झाला. गडमुडशिंगीत त्यांच्या जावयाच्या ओळखीचा एक वेल्डर होता. त्याने जाड पत्रा मापात कापून दिला. कठड्यांवर तो बसवला, दाराच्या बाजूला धुरासाठी फट ठेवली, आणि पहिल्याच दिवशी खोलीत अशी ऊब आली, की आप्पांनी स्वेटर काढून खुंटीला लावला. भिंतीवरचा घाम ओसरला. आप्पांनी काकींना फोन करून काड्यापेटीची काडी ओढल्याचा आवाज ऐकवला.

हे सुख दोन-तीन दिवस टिकले. आप्पांच्या गाडीवर पूर्वी कंडक्टर असलेले एक गृहस्थ आजऱ्याला राहतात. त्यांनी शेगडीची वार्ता ऐकून प्रेमाने काजूच्या टरफलांचे एक पोते पाठवले. तिकडे काजू फोडणाऱ्यांकडे त्याचे ढीग पडलेले असतात. टरफलांत तेल असते, ती कापरासारखी पेटतात, एवढे आप्पांना ठाऊक होते. ती किती घालावीत, हे ठाऊक नव्हते. त्यांनी घमेलेभर घातली. शेगडीने एक हुंकार दिला. काळ्या, झोंबऱ्या धुराचा लोळ पाइपातून गल्लीत गेला, शेजारपाजारचे लोक डोळे चोळत बाहेर आले, आणि काचेतून आम्हाला दिसले, की लालभडक झालेला पत्रा भाजलेल्या पापडासारखा सावकाश वाकतो आहे. तो वाकला, मग आणखी वाकला, आणि खाली विस्तवात जाऊन पडला.

आप्पांच्या डोळ्यांतून पाणी येत होते. धुराने किती आणि हसण्याने किती, ते सांगता येणार नाही. दुसऱ्या दिवशी त्या वाकलेल्या पत्र्यात गल्लीतल्या कुत्र्यांसाठी पाणी भरून ठेवलेले मला दिसले. “खोलगट मस्त झालंय,” आप्पा म्हणाले.

त्यांच्या जागी मी असतो तर महिनाभर त्या पत्र्याकडे पाहू शकलो नसतो. त्या पाणी पिणाऱ्या कुत्र्यांसमोर उभे राहून मी प्रथमच स्वतःला विचारले, की माझ्या पश्चात्तापातून आजवर कोणाला पाणी तरी मिळाले आहे का.

बेंदूर जवळ येत चालला होता. या खेपेस आप्पांनी धातूचा नाद सोडला. कोल्हापुरातल्या एका फाउंड्रीतून त्यांच्या जावयाने भट्टीच्या पातळ विटा आणून दिल्या. लोखंडाचा रस पेलणाऱ्या विटांना आमच्या लाकडांचे काय. विटा कठड्यांवर ठेवायच्या, सांधे मातीने लिंपायचे. त्यासाठी काकींना मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावला, आणि मी फोन शेगडीच्या तोंडाशी धरून बसलो.

“आवो, ती माती चाळलीसा का न्हाय?”

“चाळलीया.”

“राख?”

“घातलीया की.”

“फोन आत घाला, बगू द्या. ह्ये काय, वाट मागं ठेवलीसा? धुराड्याच्या खालीच? मग धूर वळतोय कुटं? माज्या परसातल्या चुलीला मागं वैल हाय, तिकडं जाळ कसा जातोय? आदी फुडच्या भांड्याच्या बुडाला लागतोय, मग मागच्या तोंडाला जातोय. दाराच्या अंगाला ठेवा वाट.”

“पत्र्याला तशीच ठेवली हुती. घाई झाली.”

“तुमाला कवा घाई न्हवती? चार बोटं वाट ठेवा. कमी न्हाय, जास्त न्हाय. भाऊसाहेब, तुमी बगा. ह्येंच्यावर माजा इस्वास न्हाय.”

मी “हो” म्हणालो. ते काकींना ऐकू गेले नसावे, कारण त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि आप्पांनी माझ्या वतीने उत्तर दिले, “बगत्यात, बगत्यात.”

चार बोटांची वाट ठेवली. माती वाळल्यावर जाळ केला. जाळ विटेखालून दाराकडे आला, काचेला जिभा लावून वर वळला आणि दिसेनासा झाला. धुराचा एक धागाही खोलीत आला नाही. दोन लाकडांत सकाळ निघाली. आप्पा भिंतीवर तळहात फिरवत राहिले.

बेंदराच्या दिवशी मला पुरणपोळीचे आमंत्रण होते. मी पोचलो तेव्हा काकी येऊन खुर्चीवर बसल्या होत्या. त्यांची कापडी पिशवी दाराशेजारी, तोंड बांधलेली, तशीच होती. बाहेर पाऊस आडवा येत होता, म्हणून दार-खिडक्या लावून घेतल्या होत्या. गडमुडशिंगीच्या बातम्या चालल्या होत्या. आप्पा शेगडीसमोर उकिडवे बसून लाकडे रचत होते. त्यांनी मला जवळ बोलावले आणि डोळा मिचकावून कानात म्हणाले, “सकाळी आनि एक वीट घातली. ती चार बोटंबी बुजवली. उगंच तितनं गरमी जात हुती. आज समदी तिला.”

मला अर्थ कळायला क्षणभर लागला. तेवढ्यात त्यांनी काडी ओढली, कागद पेटला, लाकडांनी जाळ धरला आणि त्यांनी दार बंद केले. मी म्हणालो, “आप्पा, ती वाट—” माझा आवाज नेहमीसारखाच निघाला. काकी जावयाच्या म्हशीविषयी सांगत होत्या. आप्पा त्यांच्याकडे बघून मान डोलवत होते. शेगडीच्या दाराच्या कडेतून पांढऱ्या धुराची एक रेघ निघाली, दुसरी निघाली, आणि काकींना म्हशीच्या मधेच पहिला खोकला आला.

त्या खोकल्यानंतर मी ओरडलो.

“आप्पा, थांबा. वाट बंद आहे. दार उघडा, खिडक्या उघडा. काकी, बाहेर चला.”

माझा आवाज पत्र्याच्या छपरावर आपटून परत आला आणि तो माझा आहे हे मला पटेना. पलीकडच्या घरातले कुत्रे भुंकू लागले. काकींना धरून मी ओसरीवर आणले. आप्पांनी खिडक्या उघडल्या, पेटती लाकडे घमेल्यात ओढून पावसात नेऊन टाकली, आणि चिमट्याने ती जादा वीट खेचून काढली. मग तिघेही ओसरीवर बसलो. काकींचा खोकला हळूहळू थांबला. घरातून उरलासुरला धूर दारावाटे बाहेर येत होता आणि आम्ही त्याच्याकडे बघत होतो.

“मी फार मोठ्याने बोललो,” मी म्हणालो. “माफ—”

“गप बसा,” आप्पा म्हणाले. “आता सांगितलंसा.” आणि जरा वेळाने, “एवडा हॉर्न हुता की तुमच्याकडं. दाबत का न्हवतासा?”

काकी पदराने डोळे पुसत होत्या. “धूर दिसला,” त्या म्हणाल्या.

“दिसला,” आप्पा म्हणाले. त्यांनी पिशवीकडे पाहिले आणि मान खाली घातली. आपल्या चुकीत ज्यांना मौज वाटली नाही असे आप्पा मी तेव्हा प्रथमच पाहिले. ते उठले आणि पिशवी उचलायला वाकले.

“काकी,” मी म्हणालो, आणि पुन्हा तो नवा आवाज निघाला. “शेगडीत खोट नाही. तुमच्या चार बोटांनी ती नीट चालते, मी रोज बघितलं आहे. आम्ही परत पेटवतो. पोळी खाऊन होईपर्यंत थांबा.”

काकींनी माझ्याकडे, मग आप्पांकडे पाहिले. “भाऊसाहेब एवड्या मोट्यानं बोलत्यात म्हंजी खरंच आसंल,” त्या म्हणाल्या. “थांबतो. पर पोळी हितं ओसरीवर खातो.”

आम्ही परत पेटवले. या वेळी वाटेत चार बोटे घालून मी स्वतः पाहिले. जाळ दाराकडे आला, वळला आणि नाहीसा झाला. काकी ताट घेऊन ओसरीवर बसल्या होत्या. पहिल्या पोळीला त्या उंबऱ्याच्या बाहेर होत्या, दुसऱ्या पोळीला उंबऱ्यावर, आणि दुधाच्या वाटीपर्यंत शेगडीसमोरच्या खुर्चीवर. त्यांनी भिंतीला हात लावून पाहिला, मग गादीला, मग खुंटीवरच्या आप्पांच्या सदऱ्याला. सदरा कोरडा होता. आप्पा त्यांच्या हाताकडे बघत उभे होते.

“ती पिशवी आना हिकडं,” काकी म्हणाल्या. “त्यात चादर हाय माजी. नि बेंदूर झाला की जातो बगा मी.”

बेंदूर झाला. “नागपंचमी झाली की जातो,” काकी म्हणाल्या. नागपंचमी झाली. मग राखी पौर्णिमा झाली, गौरी-गणपती झाले. घटस्थापनेच्या दिवशी आप्पांनी विचारले, “आता कवा जानार?” “दसऱ्याला परत यायचंच असतंय,” काकी म्हणाल्या, “मग जायाचं कशाला?” त्या पावसाळ्यात मी जितक्या वेळा चहाला गेलो, तितक्या वेळा आप्पांनी तीन कप भरले आणि तिन्हींना धनी मिळाला.

असे आणखी काही पावसाळे गेले. भट्टीची वीटही दर वर्षी कुठेतरी तडकते. मृगाच्या आधी आम्ही ती बदलत असू. माझी बदली पुन्हा कोल्हापूरला झाली, तरी त्या कामाला मी जात राहिलो. गेल्या हिवाळ्यात आप्पा गेले. दुपारी जेवून शेगडीसमोरच्या खुर्चीत डोळा लागला, तो उघडला नाही. काकी सांगत होत्या, की त्या अर्धा तास त्यांच्याशी बोलतच होत्या. “ऐकत हुतं ते,” काकी म्हणतात, आणि मला त्याविषयी शंका नाही.

काकी पन्हाळ्यावरच आहेत. मुलगी घेऊन जायला आली होती, तेव्हा “घर कोरडं हाय की माजं,” एवढेच त्या म्हणाल्या. यंदा मृगाच्या आधी मी पिशवीत विटा घालून गेलो. बोळातल्या वळणापाशी थांबलो आणि तोंडाने हॉर्न दिला. पहिला नेहमीसारखा हळूच निघाला. पुन्हा दिला. पलीकडे घागर घेऊन आलेली एक बाई हसत भिंतीला लागून उभी राहिली, आणि घरातून काकींचा आवाज आला, “आलासा व्हय, भाऊसाहेब? चा ठेवतो.”

तडकलेली वीट काढली, नवी बसवली, सांधे लिंपले. मग दाराच्या अंगाने आत हात घालून चार बोटे टेकवून पाहिली. काकी गॅसपाशी होत्या, माझ्याकडे पाठ करून.

“वाट मोकळी हाय न्हवं?” त्यांनी विचारले.

“हाय,” मी म्हणालो, गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.